ओडिया आणि ह्मोंग : तुलनेच्या मापाचा प्रश्न

ओडिया आणि ह्मोंग या दोन भाषांची तुलना करावी असे कोणी सुचविले तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहील तो ‘का?’ हाच. ओडिया ही भारतीय-आर्य भाषाकुलाच्या पूर्वेकडील शाखेतील भाषा. बंगाली आणि असमिया तिच्या सख्ख्या बहिणी. २०११ च्या जनगणनेनुसार ती मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ३ कोटी ७५ लाख आहे. ह्मोंग ही ह्मोंग-मिएन या वेगळ्याच भाषाकुलातील भाषा. ती दक्षिण चीन, व्हिएतनाम, लाओस आणि थायलंड येथील डोंगराळ मुलखात बोलली जाते. १९७५ नंतर निर्वासितांबरोबर ती अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि कॅलिफोर्निया या राज्यांत पोहोचली. या दोन भाषांत रक्ताचे नाते नाही, शेजार नाही, आणि परस्परांत म्हणावी तशी देवाणघेवाणही झालेली नाही. ऐतिहासिक-तौलनिक भाषाविज्ञान ज्या अर्थाने ‘तुलना’ हा शब्द वापरते, त्या अर्थाने येथे तुलनेला जागाच नाही.

असे असूनही अशा जोड्या आज सर्रास लावल्या जातात. जगातील कोणत्याही दोन भाषा घ्याव्यात, त्यांचे दोन रकाने करावेत आणि भाषकसंख्या, लिपी, वर्णसंख्या, काठिण्य, ‘नमस्कार’ला काय म्हणतात, ‘आभार’ला काय म्हणतात, अशा ओळी भरत जाव्यात, ही पद्धत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांतूनही रुळली आहे. तक्ता भरला की तुलना झाली, असा समज त्यामागे असतो. प्रस्तुत लेखात ओडिया-ह्मोंग ही जोडी मुद्दाम स्वीकारून या तक्त्याची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. तक्त्याच्या ओळी ही वस्तुतः मापे असतात, आणि माप कोठून आणले यावर मापल्या जाणाऱ्या भाषेचे काय होते हे ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

आरंभ नावांपासूनच करावा लागतो. ‘ओरिया’ हे रोमन लिपीतील रूप परकीय कानाने टिपलेले होते. मूळ शब्दातील मूर्धन्य ताडित ध्वनी इंग्रजी कानाला ‘र’सारखा वाटला आणि तसाच लिहिला गेला. २०११ मध्ये घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत ‘ओडिया’ हे रूप आले व त्याच वर्षी राज्याचे नावही ‘ओडिशा’ झाले. ह्मोंगांच्या बाबतीत गोष्ट अधिक कटू आहे. चीनमध्ये ‘म्याओ’ आणि आग्नेय आशियात ‘मेओ’ ही इतरांनी दिलेली नावे त्यांना चिकटली होती. त्यांपैकी ‘मेओ’ हे त्यांना अपमानास्पद वाटे. ‘ह्मोंग’ हे त्यांचे स्वतःचे नाव. चीनमधील ‘म्याओ’ या सरकारी वर्गात तर परस्परांना न समजणाऱ्या अनेक भाषा बोलणारे समाज एकत्र मोजले जातात. ह्मोंग हा त्यांतील एक. म्हणजे भाषकसंख्येची ओळ भरण्यापूर्वीच, आपण कोणाला मोजत आहोत हा प्रश्न सुटलेला नसतो.

या नावाचा उच्चारही लक्षात घेण्यासारखा आहे. मराठी वाचक ‘ह्मोंग’ पाहून स्वाभाविकपणे ‘म्होंग’ असे म्हणेल, कारण ‘म्हण’, ‘म्हातारा’ यांतील म्ह आपल्या जिभेवर आहे. आपला म्ह घोष आहे. ह्मोंगमधील ध्वनी मात्र अघोष आहे, ओठ मिटून नाकातून केवळ श्वास सोडावा तसा. ह्मोंगच्याच दुसऱ्या एका प्रमुख बोलीत हा ध्वनी नाही; ती बोलणारे लोक स्वतःला ‘मोंग’ म्हणवतात. एका भाषेच्या नावाचे हे दोन उच्चार तक्त्याच्या शीर्षकात मावत नाहीत. (पुढील सर्व उदाहरणे ‘ह्मोंग दाउ’, म्हणजे श्वेत ह्मोंग या बोलीतील आहेत. या नावातच विशेषण नामानंतर आले आहे हे जाता जाता नोंदवावे. ओडियात आणि मराठीत ते आधी येते.)

अभिवादनाच्या ओळीत ओडियासमोर ‘नमस्कार’ आणि ह्मोंगसमोर ‘न्यॉ झॉंग’ असे लिहिलेले आढळते. दुसऱ्याचा शब्दशः अर्थ ‘बरे असा’. परंतु घरी आलेल्या माणसाला पारंपरिक ह्मोंग घरात ‘कॉ तुआ लॉ?’, म्हणजे ‘आलात का?’ असे विचारले जाते आणि पाहुणा ‘आलो’ असे उत्तर देतो. ‘या, आलात का?’ हे आपल्या खेड्यांतील स्वागत ज्यांच्या कानांत आहे त्यांना यात काही परके वाटणार नाही. शिवाय या ‘तुआ’ क्रियापदातच एक बारकावा आहे. आपल्या नसलेल्या ठिकाणी येणे म्हणजे ‘तुआ’. स्वतःच्या घरी, स्वतःच्या ठिकाणी परत येणे म्हणजे ‘लॉ’, आणि त्यासाठी हे दुसरे क्रियापद वापरावे लागते. (वरील प्रश्नाच्या अखेरीस आलेला ‘लॉ’ मात्र प्रश्नवाचक म्हणून आला आहे.) पाहुणा आणि घरचा हा भेद ह्मोंगमध्ये क्रियापदाच्या निवडीतूनच कळतो. ‘येणे’ला ह्मोंग प्रतिशब्द काय, असा रकाना केला की हा भेद नाहीसा होतो.

आता ध्वनींकडे वळू. वर मी ह्मोंग शब्द देवनागरीत दिले आणि तसे करताना त्यांचे निम्मे अंग कापून टाकले, हे कबूल केले पाहिजे. ह्मोंग ही सुरांची भाषा आहे. अक्षर कोणत्या सुरात उच्चारले यावर अर्थ ठरतो. ‘पॉ’ हे एकच अक्षर घ्या. उंच सपाट सुरात ते ‘चेंडू’, उंचावरून उतरत्या सुरात ‘मादी’, चढत्या सुरात ‘फेकणे’, मध्यम सुरात ‘पाणथरी’, खालच्या सुरात ‘काटा’, श्वासयुक्त सुरात ‘वडिलांची आई’ आणि घसा आवळून तोडलेल्या खालच्या सुरात ‘पाहणे’. आपल्या लिपीत हे सात शब्द एकच होतात. तक्त्यात ‘वर्णसंख्या’ अशी ओळ असते, ‘सूर’ अशी बहुधा नसते. असलीच तर तीत ‘७ किंवा ८’ असा आकडा असतो आणि तो आकडा पाहून भाषा ‘कठीण’ ठरविली जाते.

येथे तुलनेला एक अनपेक्षित वाट सापडते. ‘वडिलांची आई’ या अर्थाच्या शब्दातील श्वासयुक्त सूर मराठी कानाने ऐकला तर त्यात ह-काराची छटा जाणवते. कंठातील स्वरतंत्रू सैल ठेवून, श्वास गळू देत घोष करण्याची ही क्रिया आपल्याला चांगलीच परिचित आहे. घ, झ, ढ, ध, भ हे घोष महाप्राण ओडियाही मराठीप्रमाणेच बाळगून आहे, आणि ते याच क्रियेने घडतात. फरक इतकाच की ओडिया आणि मराठीने ही क्रिया व्यंजनाच्या पदरात टाकली, ह्मोंगने ती संपूर्ण अक्षराच्या सुरात सामावून घेतली. उच्चारयंत्र एक, क्रिया एक, परंतु तिच्यावर सोपविलेले काम वेगळे. दोन असंबद्ध भाषांची तुलना करून काय मिळते याचे माझ्या मते हे एक चांगले उत्तर आहे. नाते मिळत नाही. पण एकाच सामग्रीचा भाषा किती तऱ्हांनी वापर करतात ते दिसते आणि आपल्या भाषेतील परिचयाने बोथट झालेली गोष्ट पुन्हा ऐकू येते.

ओडियाची बाजूही कमी बोलकी नाही. ‘घर’ हा शब्द आपण ‘घर्’ असा तोडतो. ओडिया भाषक तो ‘घॉरॉ’ असा, अंत्य स्वर राखून उच्चारतो. मराठी, हिंदी आणि बंगाली यांनी शब्दान्तीचा जो ‘अ’ बहुशः गमावला तो ओडियाने टिकविला. ह्मोंग अक्षरही एका अनुनासिक शेवटाचा अपवाद वगळता स्वरान्तच असते. म्हणून दोन्ही भाषा कानाला ‘उघड्या’ वाटतात. मात्र ओडियाने हा उघडेपणा संस्कृताच्या वारशातून राखला आहे, तर ह्मोंगमध्ये अक्षरान्ती व्यंजने उरलेलीच नाहीत. परिणाम सारखा, कारणे भिन्न. मराठी वाचकासाठी आणखी एक खूण म्हणजे ‘ळ’. ओडियात ‘फळ’ हा शब्द आपल्यासारखाच ळ-कारयुक्त आहे. बंगाली आणि प्रमाण हिंदी यांत हा वर्ण नाही.

ज्या ठिकाणी ओडिया-ह्मोंग तुलना सर्वांत फलदायी ठरते ते ठिकाण तक्त्यात जवळजवळ कधीच नसते. ते म्हणजे वर्गदर्शक शब्द. ह्मोंगमध्ये संख्या थेट नामाला लावता येत नाही. मध्ये त्या वस्तूच्या जातीचा एक शब्द यावा लागतो. ‘एक घर’ म्हणजे ‘ई लू चे’. यात ‘ई’ म्हणजे एक, ‘चे’ म्हणजे घर, आणि ‘लू’ हा पोकळ, गोल अथवा भरीव आकाराच्या वस्तूंचा वर्गदर्शक. माणसे व प्राणी यांना ‘तू’, कागदासारख्या पातळ, पसरट वस्तूंना ‘दाइ’, मुठीची हत्यारे व अवजारे यांना ‘टा’. ओडियातही अशी व्यवस्था आहे. माणसांसाठी ‘जण’: ‘जणे लोक’ म्हणजे एक माणूस, ‘दुइ जण’ म्हणजे दोघे, पुस्तक, कापड अशांसाठी ‘खण्डे’, ‘खण्डिए’, सर्वसाधारण वस्तूंसाठी ‘गोटिए’ आणि ‘टि’, ‘टा’ हे अंश. हिंदी-मराठीच्या सवयीने पाहणाऱ्यास ही ओडियाची लहर वाटते. परंतु आपणही ‘चार जण आले’ असेच म्हणतो, ‘चार आले’ असे एकदम म्हणत नाही. आणि व्यापारी ‘दोन नग’ मोजतो. आपल्याकडे ही व्यवस्था अंकुरावस्थेत राहिली, ओडियात व बंगालीत ती फोफावली, आणि आग्नेय व पूर्व आशियातील भाषांत ती व्याकरणाचा कणा झाली.

साम्य याहून खोल आहे. ह्मोंगमध्ये संख्या काढून टाकली आणि वर्गदर्शक तेवढा ठेवला की नाम निश्चित होते. ‘लू चे’ म्हणजे ‘ते (आपल्याला ठाऊक असलेले) घर’. ओडियातही ‘घरटि’ म्हणजे ते विशिष्ट घर, ‘पिलाटि’ म्हणजे ते मूल. एकीने वर्गदर्शक नामाच्या आधी ठेवला, दुसरीने मागे जोडला. परंतु मोजण्याच्या साधनातून निश्चितता दर्शविण्याचे साधन घडविण्याची युक्ती दोघींना स्वतंत्रपणे सुचली आहे. इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीत ‘उपपद आहे काय?’ अशी ओळ असते. तिच्यात ओडियासमोरही ‘नाही’ आणि ह्मोंगसमोरही ‘नाही’ असेच लिहिले जाईल. प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे दोन्ही उत्तरे बरोबर असूनही दोन्ही भाषांचे वर्णन चुकते. ओडियात तर आणखी एक थर आहे: ‘पिलाटि’ यात माया असते, ‘पिलाटा’ म्हटले की सूर रुक्ष, प्रसंगी तुच्छतेचा होतो. निश्चिततेबरोबर बोलणाऱ्याची वृत्तीही त्या एका स्वरात उतरते.

येथेच एका सापळ्याकडे लक्ष वेधले पाहिजे. वर ह्मोंगमधील मुठीच्या अवजारांचा ‘टा’ आणि ओडियाचा ‘टा’ असे दोन ‘टा’ एका परिच्छेदात आले. दोन्ही मूर्धन्य, दोन्ही वर्गदर्शक. साम्यांचा शोध घेत निघालेल्या उत्साही अभ्यासकाला यातून ‘प्राचीन संबंध’ सिद्ध करण्याचा मोह होईल. हा निव्वळ योगायोग आहे. जगातील भाषांत ध्वनी मोजकेच असतात, एका अक्षराचे शब्द पुष्कळ असतात, आणि अशा आदळआपटीत दोन शब्द एकमेकांवर येऊन पडणारच. नाते सिद्ध होते ते नियमित ध्वनिसंगतीने, एखाद्या दुसऱ्या जुळणीने नव्हे. आपल्याकडे वर्तमानपत्री व्युत्पत्तीचा जो सुकाळ आहे तो पाहता हे पुन्हा सांगण्याची गरज आहे.

आता वाक्य पाहू. ओडियात ‘मुँ भात खाउछि’, म्हणजे मी भात खात आहे. कर्म आधी, क्रियापद शेवटी, आणि क्रियापदावर पुरुषाची खूण. ‘आम्ही’ म्हटले की ‘खाउछु’. ह्मोंगमध्ये ‘कू नॉ मॉ’. यात ‘कू’ मी, ‘नॉ’ खाणे, ‘मॉ’ भात. क्रियापद मधे, आणि त्यावर पुरुष, वचन, काळ यांपैकी कशाचीही खूण नाही. खाऊन झाले असे सांगायचे तर शेवटी ‘लाउ’ हा वेगळा शब्द. मराठी ‘खातो’ किंवा ‘खाते’ म्हणताना बोलणाऱ्याचे लिंगही सांगून मोकळी होते, ओडियाच्या क्रियापदात लिंग नाही, ह्मोंगच्या क्रियापदात काहीच नाही. ही पायरी-पायरीची उतरण पाहिली की एकोणिसाव्या शतकातील एक जुना सिद्धान्त आठवतो.

ऑगस्ट श्लायखर (१८२१–१८६८) याने भाषांची अयोगात्मक, योगात्मक आणि विभक्तिप्रधान अशी जी मांडणी स्वीकारली, ती त्याच्या दृष्टीने केवळ वर्गवारी नव्हती. तो विकासाचा जिना होता. सर्वांत वर संस्कृत, ग्रीक, लॅटिन. सर्वांत खाली ज्यांचे शब्द ‘बदलत नाहीत’ त्या चिनीसारख्या भाषा. आपल्या पदव्युत्तर वर्गांत ‘आकृतिमूलक वर्गीकरण’ हा घटक शिकविताना आपण जिना काढून टाकला आहे, असे म्हणतो. पण ‘साधी’, ‘प्राथमिक अवस्थेतील’, ‘व्याकरण नसलेली’ अशी विशेषणे उत्तरपत्रिकांतून अजून येतात, आणि ती विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढलेली नसतात.

या जिन्याला ह्मोंग स्वतःच उत्तर देते. ह्मोंगच्या सर्वनामांत एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन असे तीन भेद आहेत: ‘तू’ वेगळा, ‘तुम्ही दोघे’ वेगळे, ‘तुम्ही सगळे’ वेगळे. संस्कृताचे द्विवचन ओडियानेही टाकले आणि मराठीनेही. विभक्तिप्रधान कुळातील लेकींनी जे गमावले ते तथाकथित ‘खालच्या’ भाषेत सुखाने नांदत आहे. गंमत अशी की ‘तुम्ही दोघे’ आणि ‘तुम्ही सगळे’ हे दोन्ही शब्द देवनागरीत ‘ने’ असेच लिहावे लागतात. उंच सपाट आणि उंचावरून उतरता एवढाच सुरांचा भेद. ‘शब्द बदलत नाहीत’ हेही खरे नाही. माणसांचा वर्गदर्शक ‘तू’ एरवी खालच्या सपाट सुरात असतो. ‘एक’ या शब्दानंतर आला की श्वासयुक्त सुरात जातो. स्थळ दर्शविणाऱ्या काही शब्दांत, उदाहरणार्थ ‘समोर पलीकडे’ या अर्थाच्या शब्दात, घसा आवळलेला सूर बदलून खालून चढणारा सूर आला की अर्थाला वेगळे वळण मिळते. सुरांच्या अशा व्याकरणिक वापराचा अभ्यास मार्था रॅटलिफ यांनी केला आहे. विकार होतो, फक्त तो जेथे आपण शोधतो तेथे, म्हणजे शब्दाच्या शेपटीला, होत नाही. उलट, ओडियाला जिन्यावर उभे केले तर तिने लिंग सोडले, द्विवचन सोडले, म्हणजे ती खाली उतरली असे म्हणावे लागेल. असे ओडिशात कोणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.

आदराच्या बाबतीत मात्र ओडिया मराठीची सहोदर वाटते. ‘तु’, ‘तुमे’, ‘आपण’ ही तीन पायऱ्यांची व्यवस्था आपल्याला शिकवावी लागत नाही. ह्मोंगमध्ये समोरच्या एका व्यक्तीला ‘कॉ’ हे एकच सर्वनाम. आदर व्यक्त होतो तो नातेवाचक शब्दांतून. शब्दांच्या जोड्या लावण्याची हौस मात्र तिघींनाही आहे. ह्मोंग ‘उआ नॉ उआ हाउ’ म्हणते, शब्दशः ‘करणे खाणे करणे पिणे’, आणि अर्थ होतो चरितार्थ चालविणे. ओडिया ‘खिआपिआ’ म्हणते, आपण ‘खाणेपिणे’. खाऊनपिऊन सुखी असणे ही कल्पना कोणत्याही भाषाकुलाची मालमत्ता नाही.

येथवरची चर्चा अभ्यासकक्षात बसून करता येण्याजोगी होती. पण तुलना ही नेहमीच इतकी निरुपद्रवी नसते, हे ओडियाइतके कोणाला ठाऊक असणार? १८७० मध्ये बालासोर येथील शाळेत शिक्षक असलेल्या कान्तिचंद्र भट्टाचार्य यांनी ‘उडिया स्वतंत्र भाषा नय’ या आशयाच्या शीर्षकाची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. ओडिया ही बंगालीचीच बोली आहे, सबब शाळांतून बंगाली पुस्तकेच चालावीत, असे तिचे प्रतिपादन होते. पुरावा तुलनेचाच: शब्द सारखे, रूपे सारखी. साम्य खोटे नव्हते. दोन्ही भाषांनी लिंग टाकले आहे, दोन्हींत वर्गदर्शक आहेत, दोन्हींच्या लेखनात संस्कृत शब्दांची गर्दी आहे. पण तत्सम शब्दांच्या साम्यावर भाषेचे अस्तित्व ठरवायचे तर मराठी आणि बंगालीही एकच भाषा ठरतील. त्या काळी बालासोर येथे जिल्हाधिकारी असलेले जॉन बीम्स यांनी या मताला विरोध केला. पुढे १८७२ ते १८७९ या काळात त्यांच्या आधुनिक भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक व्याकरणाचे तीन खंड प्रसिद्ध झाले. त्यांत ओडिया एक स्वतंत्र भाषा म्हणून मराठी, बंगाली, हिंदी यांच्या पंक्तीला बसते. साधन तेच, तुलना. एकाने तिने भाषा पुसली, दुसऱ्याने तिनेच भाषा उभी केली. गौरीशंकर राय यांची १८६६ पासूनची ‘उत्कल दीपिका’, फकीरमोहन सेनापती, राधानाथ राय आणि मधुसूदन राव यांची पाठ्यपुस्तके व साहित्य यांनी ती बाजू बळकट केली, आणि १ एप्रिल १९३६ रोजी ओडिशा हा स्वतंत्र प्रांत झाला. मधुसूदन राव यांचे घराणे मूळचे मराठा. नागपूरकर भोसल्यांच्या १७५१ ते १८०३ या अमलाचा असा एक उत्तरार्ध, की त्या वंशातील माणसाने ओडिया मुलांना अक्षरे शिकविणारे ‘वर्णबोध’ लिहावे.

तक्त्यातील ‘लिपी’ची ओळ अशीच निरागस दिसते. ओडियासमोर ‘ओडिया’ लिहावे, ह्मोंगसमोर ‘रोमन’. २०१४ मध्ये ओडियाला आणि २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाला लिखित पुरावा लागतो. त्या मापाने ह्मोंगच्या पदरी काहीच येत नाही. ह्मोंग लोककथांत मात्र ‘आमचे ग्रंथ हरवले’ अशी आठवण वारंवार येते. लाओसमध्ये १९५१ ते १९५३ या काळात विल्यम स्मॉली, लिनवुड बार्नी आणि इव्ह बर्ट्रे या मिशनऱ्यांनी रोमन लेखनपद्धती बसविली. अक्षरान्ती व्यंजन नसण्याचा त्यांनी चतुर उपयोग केला: शब्दाच्या शेवटी बी, जे, व्ही, एस, जी, एम, डी ही अक्षरे सुरांच्या खुणा म्हणून जोडली. ती वाचायची नसतात, ऐकायची असतात. आज जगभर विखुरलेले ह्मोंग परस्परांना लिहितात ते बहुधा याच पद्धतीने.

पण १९५९ मध्ये शोंग लू यांग या निरक्षर शेतकऱ्याने ‘पाहाव ह्मोंग’ ही लिपी निर्माण केली. ती दैवी साक्षात्काराने मिळाली, अशी त्यांची व त्यांच्या अनुयायांची श्रद्धा होती. पुढील बारा वर्षांत त्यांनी तिच्यात टप्प्याटप्प्याने सुधारणा केल्या. १९७१ मध्ये त्यांची हत्या झाली. या लिपीत अक्षरातील स्वरांश आधी लिहितात आणि आरंभीचे व्यंजन नंतर, वाचताना मात्र क्रम उलटा. याला विचित्र म्हणण्यापूर्वी आपण आपली ऱ्हस्व वेलांटी आठवावी. ‘कि’ लिहिताना आपणही स्वराची खूण आधी काढतो आणि क नंतर. ओडियातही ए-काराची खूण व्यंजनाच्या डावीकडेच बसते. २०१४ मध्ये पाहाव ह्मोंगला युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

लिपीच्या संदर्भात ह्मोंगची खरी जोडी ओडियाशी लागतच नाही. ती लागते ओडिशातील सोरा या भाषेशी. १९३६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी ओडियाला आपला प्रांत मिळाला त्याच वर्षी, मंगेई गोमांग यांनी सोरासाठी ‘सोरांग सोम्पेंग’ ही २४ अक्षरांची लिपी निर्माण केली. तीही साक्षात्काराने मिळालेली मानली जाते, आणि तिच्याभोवती अक्षरब्रह्माची उपासना उभी राहिली. त्याआधी १९२५ मध्ये मयूरभंज येथील रघुनाथ मुर्मू यांनी संथालीसाठी ‘ओल चिकी’ घडविली होती. डोंगरातील, पुस्तकांच्या जगाबाहेर ठेवलेल्या समाजाने शेजारच्या समर्थ भाषेची लिपी नाकारून स्वतःची अक्षरे घडवावीत आणि ती देवाकडून मिळाल्याचे सांगावे, हा प्रसंग लाओसच्या सीमेवर आणि ओडिशाच्या डोंगरांत पंचवीस वर्षांच्या आत घडला. कुलाच्या दृष्टीनेही नकाशा येथेच जुळतो. सोरा आणि संथाली या मुंडा भाषा ऑस्ट्रोआशियाई कुलातील, आणि लाओसमध्ये ह्मोंगांचे शेजारी असलेले ख्मू लोकही त्याच कुलातील भाषा बोलतात. शोंग लू यांग यांनी ख्मू भाषेसाठीही लिपी दिली होती. ह्मोंग स्वतः त्या कुलातील नाही, ही मर्यादा विसरू नये. पण ओडिशातून लाओसकडे जाणारी वाट ओडियाच्या दारातून जात नाही, ती सोराच्या अंगणातून जाते, आणि दोन रकान्यांच्या तक्त्यात सोराला रकाना नाही.

या गैरहजेरीचे व्यवहारात काय होते ते ओडिशाच्या प्राथमिक शाळांत पाहता येते. तेथे २००७ च्या सुमारास आदिवासी मुलांसाठी मातृभाषेतून शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला आणि सोरासह दहा भाषांत वाचनमाला तयार झाल्या. पाऊल मोलाचे होते, त्याबद्दल ओडिशाचे श्रेय नाकारता येणार नाही. ती पुस्तके प्रामुख्याने ओडिया लिपीत छापली गेली. सोरामध्ये कंठद्वार क्षणभर बंद करून केलेला एक स्पर्श आहे. गिडुगु वेंकट राममूर्ती यांनी १९३१ च्या आपल्या सोरा भाषेच्या ग्रंथात या भाषेचे ध्वनी काळजीपूर्वक टिपले होते. ओडिया वर्णमालेत त्या स्पर्शाला अक्षर नाही, कारण ओडियाला त्याची गरज पडली नाही. ‘पॉ’ लिहिताना देवनागरीने ह्मोंगच्या सात सुरांचे जे केले, तेच त्या स्पर्शाच्या बाबतीत व्हायचे नसेल तर पुस्तक रचणाऱ्याला आपल्या लिपीत एक नवी खूण घालावी लागते, आणि शिक्षकाने ती खूण फळ्यावर दर वेळी, न चुकता, काढावी लागते.